जुने रिम ब्रेक: आधी जुळवा, मग तुलना करा

जुनी सायकल हाती आली की पहिली तक्रार ब्रेकची असते. ‘दाबतो, पण थांबत नाही.’ मग कुणीतरी सल्ला देतं, जुने ब्रेक असेच असतात, नवे टाकून मोकळा हो. घाई करू नका. वाईट म्हणून काढून फेकलेल्या दहा ब्रेकमधल्या बहुतेकांचा दोष ब्रेकमध्ये नसतोच. तो दगडासारख्या झालेल्या रबरात असतो, गंजलेल्या वायरीत असतो, नाहीतर सैल पिव्हटमध्ये (ब्रेकची भुजा जिच्यावर फिरते ती खीळ). बोटापासून रिमपर्यंत, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यापर्यंत, एक साखळी आहे आणि तिची एक कडी ढिली असली तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. म्हणून या लेखात तुलना शेवटी आहे. न जुळवलेल्या दोन ब्रेकची तुलना करणं म्हणजे दोन बोथट सुऱ्यांमध्ये धारदार कोणती ते ठरवणं.

आपल्याकडे कोणता ब्रेक आहे?

सर्वांत जुना प्रकार दांडीच्या ब्रेकचा. यात वायर नसतेच, लोखंडी दांड्या असतात. लिव्हर दाबली की दांडी घोड्याच्या नालासारखी पट्टी वर ओढते आणि रबर रिमच्या आतल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या हबकडच्या बाजूला दाबले जातात. इतर सगळे ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात. त्यामुळे दांडीच्या ब्रेकला चाक डावी-उजवीकडे थोडं हललं तरी चालतं, वर-खाली उडालेलं मात्र मुळीच चालत नाही.

साइडपुल म्हणजे एकाच बोल्टवर फिरणाऱ्या दोन भुजा, आणि वायर एका कडेला. सेंटरपुलमध्ये दोन्ही भुजांना स्वतंत्र पिव्हट असतात, त्यांना जोडणारी एक छोटी आडवी वायर असते आणि मुख्य वायर तिला मधोमध वर ओढते. फ्रान्सच्या माफाक आणि स्वित्झर्लंडच्या वाइनमान कंपन्यांचे सेंटरपुल एके काळी जगभर होते. १९६८ मध्ये इटलीच्या कांपान्योलो कंपनीने बारीक घडणीचा साइडपुल आणला आणि शर्यतीच्या सायकलींवरून सेंटरपुल हळूहळू मागे पडले. १९९०च्या आसपास जपानच्या शिमानो कंपनीने दोन पिव्हटचा साइडपुल रुळवला. दिसायला जुन्या साइडपुलसारखाच, पण एक भुजा मध्यावर आणि दुसरी कडेच्या पिव्हटवर फिरते.

कँटिलिव्हरच्या भुजा फोर्कवर आणि मागच्या नळ्यांवर डाख दिलेल्या खुंट्यांवर बसतात, आणि सेंटरपुलसारखीच त्यांनाही जोडणारी आडवी वायर असते. त्याच खुंट्यांवर लांब भुजांचा व्ही-ब्रेक बसतो, तो शिमानोने १९९६ मध्ये बाजारात आणला. म्हणजे ‘जुना’ या शब्दात आता तोही येतो.

आपला प्रकार ओळखल्याशिवाय सुटे भाग घेऊ नका. साइडपुल आणि सेंटरपुलसाठी ‘पोहोच’ मोजा: फ्रेमवरच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर. आखूड पोहोचीचे ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिमीचे, त्यापुढचे ४७ ते ५७ मिमीचे, आणि मडगार्डवाल्या जुन्या सायकलींना याहूनही लांब लागतात.

ब्रेकला हात लावण्याआधी

चाक उचलून फिरवा. रिम रबराच्या जवळून जाताना डावीकडे-उजवीकडे किती सरकते ते बघा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त आउट, म्हणजे वाकडी, असेल तर आधी आउट काढून घ्या, नाहीतर पुढचं सगळं जुळवणं फसवं ठरेल. चाक हाताने आडवं हलवून हबमध्ये खेळ आहे का तेही बघा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं ती बेअरिंगची जोडी, सैल आहे. ही टकटक अनेकजण ब्रेकची समजतात.

रिमच्या कडेवर बोट फिरवा. ॲल्युमिनियमची रिम ब्रेकने झिजते. कडा आत वाटीसारखी खोलगट लागली, चीर दिसली किंवा झिजेची खूण म्हणून केलेली खाच पुसट झाली असेल, तर ती रिम बाद. हवेच्या दाबाने अशी रिम चालत्या सायकलवर उकलते. इथे काटकसर नको.

रबर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच. रबराला नख रुतवून बघा. खूण उमटत नसेल, पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल, तर ते रबर वयाने कडक झालंय. कानस मारून वरचा थर काढता येतो, पण वीस-तीस वर्षांचं रबर आतूनही तसंच असतं. नवे घ्या. विटकरी-गुलाबी रंगाचे, लोहाच्या ऑक्साइडचं मिश्रण असलेले रबर ओल्या ॲल्युमिनियम रिमवर साध्या काळ्या रबरापेक्षा चांगले धरतात. माझ्या सगळ्या जुन्या सायकलींवर मी तेच लावतो.

वापरात असलेल्या रबरात रिमचे चकचकीत कण रुतलेले असतात. ते टोकदार सुईने उचकटून काढा, नाहीतर रिमला ओरखडे पडत राहतात. रिम स्पिरिटने पुसा. चेनला तेल देताना एक थेंबसुद्धा रिमवर जाता कामा नये. तेल प्यालेलं रबर धुऊन सुधारत नाही.

आता एक चूक सांगतो, ती माझीच. काही जुन्या ब्रेकमध्ये रबर एका लोखंडी खोबणीत सरकवून बसवलेलं असतं. खोबणीचं एक तोंड उघडं, दुसरं बंद. बंद तोंड सायकलच्या पुढच्या दिशेला हवं, कारण ब्रेक लागताना रिम रबराला पुढेच ओढते. मी उलटं बसवलं होतं. घरासमोर दोन फेऱ्या मारल्या, काही झालं नाही. उतारावर पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला आणि रबर खोबणीतून सुटून रस्त्यावर उडालं. उरलं ते लोखंड रिमवर खरखरत. मागच्या ब्रेकने कसाबसा थांबलो. तेव्हापासून पान्याला हात लावण्याआधी मी खोबणीचं तोंड बघतो.

वायर आणि आउटर

जुनी वायर वंगण घालून जगवण्यात अर्थ नाही, नवीच टाका. ब्रेकची वायर १.५ किंवा १.६ मिमी जाडीची असते. गिअरची त्याहून बारीक असते, ती ब्रेकला वापरायची नाही. वायरच्या टोकाचं बोंड लिव्हरनुसार दोन प्रकारचं: सरळ हँडलच्या लिव्हरला पिंपासारखं, वळलेल्या हँडलच्या लिव्हरला पेअरच्या फळासारखं. बोंड लिव्हरच्या खाचेत पूर्ण बसतंय ना, ते डोळ्यांनी बघा.

आउटर, म्हणजे वायरवरचं नळीसारखं आवरण, ब्रेकचाच हवा, आत गोल वेटोळ्यांची तार असलेला. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात. ब्रेकच्या ओढीने तो फाटतो, आणि फाटतो तो नेमका जोरात दाबल्यावर. दोन्ही दिसायला सारखे असतात, म्हणून कापलेल्या टोकाकडे बघून खात्री करा. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतलं प्लास्टिक दबलं असेल तर टोच्याने मोकळं करा. टोक तिरकं राहिलं तर दर वेळी लिव्हरची थोडी हालचाल ते टोक दाबण्यातच जाते. लिव्हर ‘स्पंजसारखी’ लागते ती बऱ्याचदा यामुळे.

आउटरची लांबी किती? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर ताण पडू नये आणि कुठे मोठा फुगाही राहू नये, इतकी.

पिव्हट आणि बसवणी

साइडपुलच्या पुढच्या बाजूला, बोल्टच्या टोकावर दोन नट असतात. आतला भुजांमधला खेळ ठरवतो आणि बाहेरचा त्याला कुलूप घालतो. भुजा पुढे-मागे डुगडुगत असतील तर बाहेरचा सैल करा, आतला हळूहळू आवळा, आणि भुजा अडखळायला लागल्या की जरा मागे या. मग आतला एका पान्याने धरून बाहेरचा दुसऱ्याने आवळा. दोन पाने नसतील तर हे काम सुरू करू नका. एकाच पान्याने जुळलेला खेळ पुन्हा बिघडतो. पिव्हटवर आणि स्प्रिंग जिथे भुजेला घासते तिथे ग्रीसचा एक ठिपका पुरे.

कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक असेल तर भुजा काढून खुंट्या साफ करा, पातळ ग्रीस लावा. खुंटीच्या बुडाशी स्प्रिंगसाठी बहुतेक वेळा तीन भोकं असतात. दोन्ही बाजूंना मधलंच वापरा. एका बाजूला वरचं आणि दुसऱ्या बाजूला खालचं लागलं की ब्रेक कायम एकीकडे झुकतो, आणि माणूस तासभर स्क्रूशी झटापट करत बसतो.

फ्रेमवरचा मुख्य बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर, रबराचे नट ५ ते ७ आणि वायर पकडणारा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर असा अंदाज ठेवा. टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा, नसेल तर छोटा पाना टोकाला न धरता मध्यावर धरून घट्ट करा. पूर्ण लांबीचा जोर जुन्या ॲल्युमिनियमच्या आट्यांना सोसत नाही.

रबराची जागा

इथे वेळ घालवा. लिव्हर दाबून धरली असता रबर पूर्णपणे रिमच्या कडेवरच बसायला हवं. वर टायरला लागलं तर टायरची भिंत कापत जातं, खाली उतरलं तर रिमखाली घुसून चाकाच्या तारांत अडकू शकतं. शिवाय रबर झिजतं तशी त्याची जागा बदलते, आणि प्रत्येक प्रकारात वेगळ्या दिशेने. कँटिलिव्हरचं रबर झिजेबरोबर खाली सरकतं, म्हणून ते सुरुवातीला रिमच्या वरच्या भागात लावा. सेंटरपुलचं वर टायरकडे चढतं, म्हणून ते जरा खाली लावा. आज अचूक बसलेलं रबर सहा महिन्यांनी टायर कापताना सापडतं ते यामुळे.

मग तिरकेपणा. रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटर आधी रिमला टेकायला हवं. जोरात दाबल्यावर भुजा किंचित पिळवटते आणि सगळं रबर सपाट बसतं. हे नसेल तर ब्रेक किंचाळतो. सोपी युक्ती: रबराच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवा, लिव्हर दाबून धरायला कुणाला तरी सांगा आणि नट आवळा. घडी काढली की तिरकेपणा तयार. ज्या जुन्या रबरांना तिरकं बसू देणारे, वाटीसारख्या घडणीचे गोलाकार वॉशर नसतात ती सपाटच बसतात. त्यांच्यासाठी पान्याने भुजा वाकवण्याची जुनी पद्धत आहे. मला ती पसंत नाही, ॲल्युमिनियमला चीर जाते. गोलाकार वॉशरवाले नवे रबर लावा किंवा रबरच मागच्या टोकाला कानशीने तासा.

नट आवळताना रबर पान्याबरोबर फिरतं. ते दुसऱ्या हाताने धरून ठेवा, आणि आवळल्यावर पुन्हा बघा.

वायर ताणणं आणि मध्य साधणं

आउटरच्या टोकाचा ताणाचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत फिरवा, दोनएक आटे बाहेर ठेवा. रबर दोन्ही बाजूंनी रिमवर दाबून धरा, वायर पकडीने ओढा, बोल्ट आवळा. सोडल्यावर प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास फट राहील. मग लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. वायर बोल्टखालून सरकायची असेल, आउटर टोकांत बसायचा असेल, तर ते इथेच होऊ दे, रस्त्यावर नको. सैल पडलेलं पुन्हा ओढून घ्या.

मध्य साधताना जुन्या एक-पिव्हट साइडपुलला बाजूचा स्क्रू नसतो. मागचा नट जरा सैल करून पूर्ण कॅलिपरच (भुजांचा अख्खा संच) फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. आवळताना तो पुन्हा फिरतो. म्हणून जिथे हवा त्याच्या थोडा उलट दिशेला ठेवून सुरू करा. दोन-तीन खेपा लागतात, वैतागू नका.

कँटिलिव्हरला एक इशारा. मुख्य वायर तुटली तर आडवी वायर खाली टायरवर पडते, आणि खाचखळग्यांच्या टायरमध्ये अडकून पुढचं चाक जागीच अडवू शकते. पुढे मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती वायर झेलते. नसेल तर बसवा.

कडक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक नव्हे

तुलनेत सगळ्यात मोठी फसगत इथे होते. दुकानात उभ्या सायकलची लिव्हर दाबून माणूस म्हणतो, वा, काय कडक लागतो! प्रत्यक्षात लिव्हर थोडी हलून कडक होते तेव्हा बहुधा तिचा जोर कमी असतो. जोर आणि हालचाल यांचा सौदा ठरलेला आहे: एक वाढला की दुसऱ्याचा बळी.

व्ही-ब्रेकची लिव्हर कँटिलिव्हरच्या लिव्हरपेक्षा जवळपास दुप्पट वायर ओढते. ती कँटिलिव्हरला जोडली तर हाताला दगडासारखी लागते आणि सायकल थांबत नाही. उलट जुनी लिव्हर व्ही-ब्रेकला जोडली तर ती मऊ, लोण्यासारखी लागते, पण पूर्ण ब्रेक लागण्याआधी हँडलला टेकते. दोन्ही जोड्या टाळा.

पोहोचीचाही असाच हिशेब आहे. समजा भुजेच्या पिव्हटपासून वायरीपर्यंत ६० मिमी आहेत. पिव्हटपासून रबर ५० मिमीवर असेल तर जोर १.२ पट होतो, ७० मिमीवर असेल तर ०.८६ पट. रबर, वायर, लिव्हर तेच ठेवूनही तीस टक्क्यांच्या आसपास घट. लांब पोहोचीचे साइडपुल बदनाम झाले त्यामागे हे एक कारण, आणि पातळ पत्र्याच्या लवचीक भुजा हे दुसरं.

आता तुलना

रस्त्यावर थांबण्याचं अंतर मोजून तुलना करावी असं पहिल्यांदा वाटतं. कोरड्या सपाट रस्त्यावर ती फारसं काही सांगत नाही. मागचं चाक जवळजवळ कोणत्याही ब्रेकने घसरतं, कारण ब्रेक लावताना वजन पुढे जातं आणि मागे पकडच उरत नाही. पुढच्या चाकाची मर्यादा म्हणजे सायकल उलटण्याची. गुरुत्वत्वरणाच्या साधारण निम्म्याच्या पुढे मागचं चाक उचलायला लागतं. त्या मर्यादेला ताशी २० किमी वेगावरून थांबायला सुमारे ३ मीटर लागतात, नुसत्या मागच्या ब्रेकने त्याच्या दुपटीच्या आसपास. बरे जुळवलेले बहुतेक ब्रेक या मर्यादेपर्यंत पोहोचतात. फरक असतो तो बोटांना किती जोर लागतो यात, जोर हवा तसा कमी-जास्त करता येतो का यात, आणि पावसात.

बोटांचा जोर घरी मोजता येतो. एक हुकवाला लटकता वजनकाटा हवा. सायकल घट्ट बांधून पुढचं चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या पुढच्या अंगाला, हबच्या बरोबर उंचीवर, रिम आणि टायरभोवती दोरी बांधून ५ किलोची पिशवी लटकवा. ती चाक फिरवू बघेल. आता काट्याचा हुक लिव्हरवर, जिथे दोन बोटं पडतात तिथे, अडकवून ओढा आणि चाक अडून राहायला कमीत कमी किती ओढ लागते ते टिपा. मग १० किलो लटकवून पुन्हा.

समजा ५ किलोला २.५ आणि १० किलोला ४ किलो ओढ लागली. वाढीव ५ किलोसाठी १.५ किलो, हा ब्रेकचा खरा जोर. त्या हिशेबाने पहिल्या ५ किलोलाही १.५ पुरायला हवे होते. वरचा १ किलो स्प्रिंग आणि वायरच्या घर्षणात गेला. हा दुसरा आकडा मोठा असेल तर ब्रेक बदलण्याआधी वायर बघा. दोन ब्रेकची तुलना करताना रबर, रिम आणि लिव्हर तेच ठेवा, हुकाची जागाही तीच. रोज थोडं मोजून आकडे वहीत लिहिले की मत आपोआप बदलतं. माझं सेंटरपुलबद्दलचं बदललं.

माझा कौल विचाराल तर: चांगल्या रबराचा आणि नव्या वायरीचा सेंटरपुल रोजच्या वापराला उत्तम, फक्त किंचाळण्याची खोड आहे. एक-पिव्हट साइडपुलला जोर जास्त लागतो, पण चाक थोडं आउट असलं तर दोन्ही भुजा त्याच्याबरोबर सरकतात आणि ब्रेक घासत नाही. दोन-पिव्हटला हलका हात पुरतो, पण फट कमी ठेवावी लागते आणि चाक सरळच लागतं. कँटिलिव्हर चिखलाला आणि रुंद टायरला बरा. त्याची आडवी वायर जितकी खाली, तितका जोर जास्त आणि लिव्हरची हालचालही जास्त. व्ही-ब्रेक सगळ्यांत ताकदवान, नवख्याला पहिल्या दिवशी जरा जपून. दांडीच्या ब्रेकची या रांगेत तुलना करू नये, तो वेगळ्या वेगाच्या सायकलींसाठी बनला आहे.

एका ठिकाणी मात्र कितीही जुळवलं तरी उपयोग होत नाही: क्रोमची लोखंडी रिम आणि पाऊस. ओल्या क्रोमवर साधं रबर जवळपास धरतच नाही. चाक दोन फेरे फिरून पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक लागल्याची जाणीवही होत नाही. कातड्याचा थर दिलेले रबर त्यासाठीच निघाले होते. ते ॲल्युमिनियमवर लावू नका. पावसात सायकल चालवायची असेल तर ब्रेक नव्हे, चाक बदला. जुन्या २७ इंची रिमच्या जागी ७०० सी मापाची रिम बसवताना टायर बसतो तो व्यास ६३० वरून ६२२ मिमी होतो, म्हणजे रबर ४ मिमी खाली आणावं लागतं. भुजेतली रबराची खाच तेवढी खाली जाते का, ते चाक विकत घेण्याआधी पट्टी लावून मोजा.